अम्माऊसची टाचणी

मारेगाव, रविवार संध्याकाळ

उपासनेनंतर चर्चमध्ये मुलांना बायबलमधली गावं नकाशावर दाखवत होतो. गावागावाला टाचणी लावली, अम्माऊसची तेवढी हातात राहिली. अम्माऊस म्हणून तीन-चार जागा सांगतात. खरी कोणती, ते अभ्यासकांनाही ठरवता येत नाही. एके ठिकाणी जुन्या वस्तीचं टेकाड आहे पण नाव नाही, दुसरीकडे नाव आहे आणि खाली जुनं काहीच नाही.

मागे बसलेली आई म्हणाली, "आपल्या गावावानीच झालं म्हनाचं हे त."

आमचं गाव कोळशाच्या खाणीत गेलं. त्याच नावाची पाटी आता नव्या वसाहतीवर आहे. बाबांची कबर मात्र तिकडेच राहिली, खाणीतून काढलेल्या मातीखाली. पण कोणत्या ढिगाखाली? परवा एकटाच जाऊन आलो. सगळे ढीग सारखेच. विहीर नाही, चिंच नाही, कशावरून ओळखायचं?

आज चर्चमधून घरी येताना आई म्हणाली, "मी मेली का मले तुह्या बापापाशीच ठेवजो. जागा ध्यानात हाय नं तुह्या?"

हो म्हणालो. दुसरं काय म्हणू?

टाचणी अजून खिशातच आहे. लावू तरी कुठे?