कळंब्याच्या तपकिरी माद्या

अप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं तुमच्याशी असलेलं भांडण मिटलेलं नाही. लोक अजून सांगतात, तुझे वडील किती मोठ्या मनाचे, विधवा लेकीला घरात कोंडलं नाही, पहाटे कळंब्याच्या तलावावर न्यायचे, बदकं ओळखायला शिकवायचे. मी मान डोलावते आणि आतून जळते.

नवरा गेला तेव्हा मी सोळाची. थंडीत परदेशी बदकं उतरली की तुम्ही मला अंधारातच उठवायचात. बांधावर उकिडवे बसून तुम्ही दुर्बीण माझ्या हातात देता. "नर सोड, नर कुणीही ओळखेल. मादी ओळख." समोर दोन तपकिरी माद्या, अंगावर सारखेच ठिपके. मी म्हणते, दोन्ही तलवार बदकं. "नीट बघ. हिची मान लांब, चोच राखाडी, ही तलवार बदक. तिच्या चोचीच्या कडा नारिंगी, पंखावर पांढरा डाग, ती गडवाल. घाईनं बोलू नये." माझं चुकलं की तुमचा आवाज चढायचा, बरोबर आलं की नुसतं "हं" म्हणायचात. त्या "हं"साठी मी जीव टाकायची.

मग आपल्या कोल्हापूर संस्थानात महाराजांनी विधवांच्या लग्नाचा कायदा केला, आणि तुमच्याच शाळेतले एक बिजवर मास्तर मला मागणी घालायला घरी आले. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. आई दाराआडून म्हणाली, "तिला एकदा विचारा की." तुम्ही म्हणालात, "तिला काय विचारायचं? ती पक्ष्यांत रमली आहे. तिला काही कमी नाही." मास्तर पानसुपारी न घेता उठले. माझ्या आयुष्यातला एकुलता एक आनंद तुम्ही माझ्याचविरुद्ध साक्षीला उभा केलात.

दुसऱ्या पहाटे तुम्ही हाक मारलीत. मी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मी येणार नाही." तुम्ही कारणही विचारलं नाहीत. पुढे मी शिकले, गारगोटीला मुलींच्या शाळेत नोकरी धरली. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा निरोप आला, एकदा तलावावर ये, मला आता काही ओळखू येत नाही. मी गेले नाही. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

हा कागद सकाळी चुलीत जाईल. एक मात्र कबूल करते. ते मास्तर मला फारसे पसंत नव्हते. तुम्ही विचारलं असतंत, तर बहुतेक मीही नाहीच म्हणाले असते. पण ते "नाही" माझं होतं, अप्पा.