आधी शोभाताईंना

२० मार्च १९९४

आज पनवेलला आले. परवा साताऱ्यात रजिस्टर पद्धतीने लग्न झालं. चौतिसाव्या वर्षी नवं गाव मिळेल असं वाटलं नव्हतं. घर नवीन पनवेलला, सिडकोच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी. गॅलरीतून डोंगर दिसतो. संध्याकाळी खाडीकडून वारा येतो, त्याला खारट वास आहे. मला तो आवडला.

सुशांत यांची मुलगी मिताली सात वर्षांची. दाराआड उभी होती. मग पुढे आली, माझ्या हातातली छत्री घेतली आणि खुंटीला नीट अडकवली. मला काकू म्हणते. चालेल. घाई नाही.

सासूबाई आपट्याहून आल्या होत्या. त्यांनी माझ्या गळ्यात चांदीचा टाक घातला. नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाई. नाक-तोंड नाही, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. ही शोभा, सुशांत यांची पहिली बायको. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीचा टाक घालायचा, नवी साडी आधी तिला लावायची, ताटातला पहिला घास आधी तिला दाखवायचा. सुशांत म्हणाले, आई, हे आता कशाला. सासूबाई म्हणाल्या, तू गप रे, तुला नाय समजायचं.

माझी हरकत नव्हती. मुलीच्या घरात तिच्या आईला जागा असावी.

२७ मार्च

मे महिन्यात सुट्टीला जायचं ठरलं. खोपोलीच्या पुढे तळ्याकाठी करमणुकीचं मोठं पार्क झालंय, स्वप्ननगरी. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, छोटी आगगाडी. त्याचं माहितीपत्रक मितालीकडे आहे, घड्यांवर फाटत आलेलं. ते मांडीवर पसरून ती मला शिकवते. जेवून घसरगुंडीवर जायचं नाही, उलटी होते. मोठ्या पाळण्याला उंची लागते, ती तिच्याकडे नाही, पण टाचा उचलल्या की होते.

हॉटेलं तीन. एक फाटकासमोर, पोहण्याच्या तलावाचं, भपकेबाज. एक हमरस्त्यावरचं लॉज. तिथे झोपायला कोणी जात नाही, असं सुशांत म्हणाले आणि स्वतःच हसले. तिसरं तळ्याच्या काठाला. खोल्यांपुढे व्हरांडा, घरगुती जेवण. ते सगळ्यांना पसंत पडलं.

कोण कुठे झोपणार हेही मिताली ठरवत होती. म्हणाली, बाबा भिंतीकडे, मी मध्ये, आई खिडकीकडे. मी खाली मान घालून तांदूळ निवडत राहिले. इतका आनंद झाला की तो दिसू नये असं वाटलं. मग तिने विचारलं, काकू, तुला खाली झोपलेलं चालेल ना?

चालेल म्हटलं.

३ एप्रिल

धुण्याभांड्यांना सुकापूरहून सोनाबाई येते. तिच्याकडून थोडं कळलं. शोभाताई गव्हाणच्या. दोन वर्षांपूर्वी काविळीने गेल्या. ते माहितीपत्रक आजारपणात त्यांनीच मागवलं होतं. बरी झाले की जाऊ, असं पोरीला रोज सांगायच्या. सोनाबाई म्हणाली, पोर अजून वाट बघतेय बाई, तिला कोणी सांगितलंच नाय की आता आईसंगं जायचं नाय.

मिताली माझ्या हातचं जेवत नाही. ताटात बोट फिरवत बसते. तिला सोड्यांची आमटी हवी असते. मी माळकरी घरातली, वाळवलेली कोळंबी कधी हातातही धरलेली नाही. शिकेन.

११ एप्रिल, पाडवा

सहलीसाठी नवी साडी आणली, आकाशी. आधी टाकाला लावली. मिताली बघत होती. तिने विचारलं, आईला साडी दिली, मग तिला सहलीला यायला सांगितलं का?

तिचा चेहरा बघवेना. मी टाक पाटावर ठेवला, हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. लग्नाचं बोलावणं करतात तसं मोठ्याने म्हटलं, शोभाताई, तेरा मेला आम्ही सुट्टीला चाललोय, तुम्हीही या. आधी तुम्ही, मग मी.

मिताली टाळ्या वाजवत गॅलरीत पळाली. रात्री माझ्या पानातला भात खाल्ला. दोन घास.

१६ एप्रिल

स्टेशनजवळच्या बूथवरून हॉटेलला फोन केला. मॅनेजर म्हणाला, ताई, कालच तर बोललात. खिडकीची खोली, पलंग जोडून द्यायचे, मुलीच्या जेवणात तिखट कमी. सगळं लिहून घेतलंय.

दुसरं कोणी असेल, असं म्हटलं. तो हसला. म्हणाला, आवाज ओळखतो की मी.

सुशांत यांनी केला असेल. पण आवाज बाईचा म्हणाला.

२१ एप्रिल

दुपारी पडले होते. जाग आली तेव्हा ओट्यापाशी उभी होते. हाताला मासळीचा वास. पातेल्यात सोड्यांची आमटी, वर कोकमं. सोडे कुठून आणले आठवत नाही.

मिताली पाटावर बसून जेवत होती. बोटं चाटत होती. वर बघून म्हणाली, आई, अजून वाढ.

मी वाढलं. काय करायला हवं होतं?

सुशांत कामावरून लवकर आले. दारातच थांबले, वास घेतला. तसेच चपला न काढता आत आले आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडले. लग्नानंतर मला त्यांनी पहिल्यांदा जवळ घेतलं. ते मला घेतलं नव्हतं.

२५ एप्रिल

आकाशी साडीची घडी मोडलेली दिसली. निऱ्यांना चुण्या आहेत. पदराला घामाचा वास, खोबरेल तेलाचा वास. मी तेल लावत नाही. ती साडी मी अजून एकदाही नेसलेली नाही.

सोनाबाई भांडी अर्धी टाकून गेली. म्हणाली, काल तुमी जिन्यातून मला हाक मारलीत, ए सोने, अशी. तशी एकच बाई मारायची. बाई, आमी उद्यापासून येणार नाय.

२८ एप्रिल

सासूबाई आल्या. पाडव्याच्या दिवशीचं मी सांगितलं. त्या खुर्चीतून उठून जमिनीवर बसल्या.

मेलेल्या माणसाला द्यायचं असतं बाय, त्या म्हणाल्या. साडी द्यावी, घास द्यावा. बोलवायचं नसतं. बोलावलं की येतात, आणि जायला कोणी सांगत नाय. हे मी तुला सांगायला पायजे होतं. तू असं करशील हे मनात तरी कसं यावं.

टाक आपट्याला आण, पाताळगंगेत सोड. मग ती जाईल. एवढंच सांगितलं. निघताना माझ्या गालावरून हात फिरवला, आणि लगेच काढून घेतला.

१ मे

सुशांत यांना सगळं सांगितलं. त्यांना माहीत होतं. म्हणाले, सुट्टी होऊ दे. तिची एवढीच इच्छा होती. मिताली कशी हसते बघ. मग बघू आपण.

आपण म्हणाले. त्यात मी होते की नाही, विचारलं नाही.

५ मे

आपट्याला गेले. मितालीला सासूबाईंकडे ठेवून घाटावर आले. पाणी कमी झालंय, दगड उघडे पडलेत. दोन बायका पलीकडे कपडे धूत होत्या. टाक गळ्यातून काढला. छाती एकदम हलकी झाली. किती दिवसांनी माझा श्वास मला ऐकू आला.

मागे मिताली उभी होती. चप्पल न घालता धावत आली होती. रडत नव्हती. तिने विचारलं, आई आता परत मरणार का?

मी हातातल्या टाकाकडे बघितलं.

परत गळ्यात घातला. येताना गाडीत ती माझ्या मांडीवर झोपली. झोपण्याआधी म्हणाली, काकू, तू चांगली आहेस.

८ मे

कालचा दिवस माझ्याकडे नाही. परवाचाही थोडाच आहे. खिडकीबाहेर दोरीवर धुतलेले कपडे — मी धुतले असणार. मितालीच्या दोन वेण्या, लाल रिबिनी, घट्ट. मला इतक्या घट्ट येत नाहीत.

मितालीने सामान भरलं. तिचं, बाबांचं, आईचं. माझी पिशवी नव्हती. विचारलं तर गोंधळली. म्हणाली, पण तू आणि आई एकदम कशा येणार?

खरं आहे.

१० मे

साताऱ्याला पत्र लिहायला बसले. भावाचं नाव आठवलं. घराचा पत्ता आठवेना.

टाक काढायला गेले. हात वर जातो. मानेपर्यंत जातो. मग केसच सारखे करून खाली येतो.

मिताली थोडी भरली आहे. गालावर रंग आलाय. हे मी बघितलं. हे मीच बघितलं.

१२ मे

हॉटेल. तळं. मॅनेजरने नमस्कार केला, मला नाही — म्हणजे मलाच. म्हणाला, ताई, तुमची खिडकीची खोली.

एक दिवस आधीच आलो. कोणी ठरवलं?

मिताली मध्ये, बाबा भिंतीकडे. मी खाली झोपेन म्हटलं. दोघांनी बघितलं माझ्याकडे, जणू कोणी परकं माणूस खोलीत —

मी तिला शिकवू शकले असते. अभ्यास. पोहणं. मला पोहता येतं, हे कोणालाच माहीत नाही इथे.

१३ मे

सकाळ. न्हाणीघरात आहे. कडी लावली आहे. आकाशी साडी अंगावर — मी नेसले नाही.

बाहेर सगळे तयार. पार्कचे भोंगे ऐकू येतात.

ती इथेच आहे. वाईट नाही ती. दमलेली आहे. लेकीला एकदा पाळण्यात बसवायचंय तिला, एवढंच. मला हे कसं कळतं? मलाही तेच —

दमयंती. माझं नाव दमयंती. मितालीला ते कधी सांगितलंच नाही. काकू पुरेसं वाटलं. घाई नव्हती.

दार वाजतंय. मिताली आहे. विचारते, आत कोण आहे? आई असेल तर लवकर ये म्हणते, गर्दी होईल. आणि काकू असेल तर —