दोर माझ्या हातात होता

उद्यमनगर, कोल्हापूर
गुरुवार, ५ जून २०२५

चि. शार्दूल,

आशीर्वाद. इथं सगळी बरी हाईत. आईचा गुडघा दुखतोय, तरी देवळात चालतच जाते. आपलं लेथ मशीन दुरुस्त झालं. तू चार दिवस माझा फोन कट करतोयस, म्हणून कागदावर लिहितेय. उद्या मोना पुण्याला येतेय, तिच्या हाती देते.

सोमवारी तू आपला मासा बचाव पथकाला देणार. माणसाशिवाय पाण्याखाली फिरणारं यंत्र, पुरात बुडालेल्याला शोधणार, आणि ते थांबेल तिथं मागनं पथकातला विश्वजित बुडी घेणार. चाचणीच्या अहवालात काय लिहिलंयस तू? 'वाहत्या पाण्यात तिन्ही वेळा स्वतःहून वळले.' लिहिताना लाज न्हाय वाटली व्हय रे?

गेल्या रविवारी मी विश्वजितला घेऊन वाडीला गेलते. चाचणीचीच जागा, नदीच्या घाटाखालची. दोर सैल सोडला आणि मासा प्रवाहात आडवा घातला. वळायला लावला, तर पाण्यानं शेपूट ढकललं आणि तोंड खालच्या अंगाला गेलं. पंखे पूर्ण जोरात फिरत होते, तरी वळेना. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा घाटाच्या पायरीखाली जाऊन अडकला. विश्वजितनं बुडी मारून काढला, कपाळ खरचटून घेतलं. वर येऊन म्हणाला, "अक्का, ह्याच्या मागं जायचं म्हणजे ह्याच्यासंगं वाहत जायचं की."

तुला त्याच दिवशी सांगितलं. तू म्हणालास, पाणी जास्त असंल, शेपटीचं नंतर बघू. नंतर म्हणजे कधी? पंचगंगा रस्त्यावर आल्यावर? शेपटीचा पंख मोठा करून बसवायला आठ दिवस लागतात. तेवढा दम न्हाय तुला, हार घालून फोटो काढायचाय.

इथपर्यंत लिहून मी उठले. चहा केला आणि तसाच ठेवला. पुढचं लिहायचं टाळत होते, कारण ते माझं हाय.

मार्चमधल्या चाचणीत दोर माझ्या हातात होता. यंत्र हरवू नये म्हणून बांधलेला, सैलच ठेवायचा. मासा वाहायला लागला आणि माझ्या हातानं आपोआप ओढ दिली. तोंड वळलं. तू म्हणालास, "वळला की, अक्का." तुझा चेहरा बघून दुसऱ्यांदा मी मुद्दाम ओढला. तिसऱ्यांदापण. तेव्हा तू लॅपटॉपवरनं मान वर केलीस, ताणलेला दोर बघितलास आणि परत खाली बघितलंस. त्यावर आपण आजवर एक शब्द बोललो न्हाय.

आजऱ्याला मामाच्या विहिरीत तुला पवायला शिकवताना मी हेच करायचे. कमरेला दोर, तू गटांगळ्या खायला लागलास की वरनं ओढायचे, आणि आबांना सांगायचे, आज आपला आपण पवला. तुलाबी ते खरं वाटायचं. अजून तुला पवता येत न्हाय, शार्दूल, आणि हे माझ्याशिवाय कुणाला म्हाईत न्हाय.

माझा मलाच राग येतोय. तुझा येतोय तो वेगळा, तोबी कमी न्हाय.

आज सकाळी पथकाच्या साहेबांना पत्र दिलं. दोर मी ओढला, तिन्ही वेळा, असं लिहून खाली सही केली. तू बघितलंस हे त्यात लिहिलं न्हाय. ते तुझं तू सांग, सोमवारच्या आधी, विश्वजितसमोर उभा राहून. मी संगं येणार न्हाय.

मासा वर्कशॉपात शेपूट उघडून ठेवलाय. विश्वजितला सांगून झालं की मगच इकडं ये.

दोर सोडून बसलेली,
तुझी अक्का
संयोगिता