बाबांनी लिहायला लावलेली तक्रार

३ डिसेंबर

टिल्लू,

खूप खूप आशीर्वाद. मी बरी आहे. शाळेत चाचणीचे पेपर तपासणं चाललंय, मान मोडून आली आहे. बाबांनी घड्याळदुरुस्ती बंद केली, हात थरथरतो. टेबल मात्र आवरू देत नाहीत.

तुझा नंबर लागत नाही. बंद आहे म्हणतात, म्हणून हे पत्र तुझ्या कामाच्या छापखान्याच्या पत्त्यावर. तू तिथे नसलास तर कुणीतरी पुढे पाठवेल, एवढ्याच आशेवर लिहितेय.

गेल्या आठवड्यात बाबांनी मला मोबाइल कंपनीत धाडलं. त्यांना फक्त आलेला फोन घेता येतो, लावून द्यायचं माझ्याकडे. दोन वर्षं मी त्यांना सांगत होते, "रेंज नसते हो इथे, म्हणून त्याचा फोन लागत नाही." त्यांनी भिंग लावून फोन खोलला, परत जोडला. म्हणाले, "यंत्रात काही नाही. कंपनीचाच घोळ. लेखी तक्रार दे." अर्ज त्यांनीच सांगितला, मी लिहिला. कारण म्हणून लिहायला लावलं, 'माझा मुलगा फोन करतो, पण तो इथे पोचत नाही.' मी म्हटलं, "बाबा, तो करतच नसेल तर?" तर माझ्यावरच खेकसले, "टिल्लू करणार नाही असं होईल का?"

रांगेत सगळे बिलावरून भांडत होते. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज वाचला, फोन चाळला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "अहो, हा नंबर तुमच्याच फोनमध्ये ब्लॉक केलाय. बघा, एकशे बारा वेळा फोन आलाय. शेवटचा आठ महिन्यांपूर्वी."

मी आश्चर्य वाटल्याचं सोंगही आणू शकले नाही. ब्लॉक मीच केला होता.

त्याआधी आपलं भांडण झालं होतं, पण त्यामुळे नाही रे. त्यांची आंघोळ, औषधं, पथ्य सगळं मी करायचं, आणि तुझ्या दहा मिनिटांच्या फोनवर ते दिवसभर खूश. शेजाऱ्यांना सांगायचे, "टिल्लू फार मायेनं बोलतो." मला सहन झालं नाही. चार दिवस फोन गप्प बसेल म्हटलं आणि मग काढायचं राहिलं, असं लिहिणार होते. खोटं आहे ते. राहिलं नाही, मी काढलं नाही.

आता काढलंय. पण तू एकशे बारा वेळा करून थकलास.

सतरा तारखेला बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, पुढे ढकलता येणार नाही. बाबा संमतीच्या कागदावर सही करत नाहीत. "आधी तक्रारीचं काय झालं ते सांग. त्याच्याशी बोलल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही." मी हातापाया पडले, रडले. ऐकत नाहीत. कंपनी दुरुस्ती करतेय अशी थाप मारलीय.

टिल्लू, नंबर जुनाच आहे. फोन मी त्यांच्या उशाशी ठेवलाय, हातही लावत नाही. मी काय केलं ते त्यांना सांगायची माझी हिंमत नाही. तूच सांग. हवं ते बोल माझ्याबद्दल, सगळं सांग. तेवढा वेळ तरी ते तुझा आवाज ऐकतील.

तुझी, तू म्हणशील तर,
ताई