बॉयलर, फर्नेस आणि आमचा बंब

अंबड,
दिवाळीनंतरचा सोमवार, १९९८

प्रिय सत्या,

तुझा फोटो पोचला त्या दिवशी आई तो पदराआड धरून गल्लीभर दाखवत फिरली. बरं, फोटोत तू न्हाईस, जावईबापू न्हाईत. फोटोत आहे स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेली पांढरी पेटी, तिला हळदकुंकू, वर झेंडूची माळ, खाली ओट्यावर नारळ. तुमचा लेस्टरचा बॉयलर. दसऱ्याला त्याची पूजा कर म्हणून आईनं मला पत्रात लिहायला लावल्तं. मला वाटलं तू वाचून हसशील अन् सोडून देशील, पण तू मेलीनं खरंच पूजा केलीस. आता तो फोटो देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी बसलाय. रोज उदबत्ती मीच लावते, म्हंजे तुझ्या बॉयलरला ओवाळायचं कामही माझ्याकडंच आलं.

तुला न्हाई कळायचं ही भानगड कुठून सुरू झाली ते. तू लग्न करून गेलीस अन् पहिल्या हिवाळ्यात लिहिलंस की घरात बॉयलर आहे. आईला बॉयलर माहीत साखर कारखान्यातला. गळीत हंगामाआधी तो पेटवायचा म्हंजे भटजी, फेटेवाले, पेढे, अन् जोडीनं बसलेले चेअरमन. ज्या घरात बॉयलर, ते घर केवढं असेल, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. पाठोपाठ आपल्या भावानं, काकासाहेबानं, मिशिगनहून कळवलं की त्याच्या घराच्या तळघरात फर्नेस आहे. आता फर्नेस म्हणलं की आपल्या मामाचा कचरू आठवतो. जालन्याच्या मिलमध्ये तो फर्नेसवर असतो अन् तिथं लोखंडाचं पाणी होतं. पोरगं भट्टीवर झोपून राह्यलं म्हणून आईनं जेवण टाकलं. मी शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळं समजूत काढायचं काम माझंच. पाटी घेतली, चित्र काढलं. इंग्लंडात बॉयलर पाणी तापवतो, ते नळ्यांतून खोलीखोलीत फिरतं आणि खिडकीखालचे लोखंडी रेडिएटर गरम करतं. अमेरिकेत फर्नेस हवा तापवते, ती जमिनीतल्या जाळीतून वर येते. इंग्लंडातले लोक घरातल्या यंत्राला फर्नेस म्हणत न्हाईत, त्यांच्या लेखी ती कारखान्यातलीच. तू ज्याला इलेक्ट्रिक फायर म्हणतेस, ते लालबुंद तारांचं खोकं, त्याला काकासाहेब स्पेस हीटर म्हणतो. आपण ज्याला गीझर म्हणतो तो त्याच्याकडं नुसता वॉटर हीटर. आणि तू लिहिलेलं इमर्शन म्हंजे पाण्याच्या टाकीत बसवलेली कांडी. आपल्याकडं ती बादलीत सोडतात अन् पोरांना लांब हो म्हणून ओरडतात.

आईनं सगळं एका बैठकीत पाठ केलं. शाळेत माझी पोरं वर्षभर एक कविता पाठ करत न्हाईत. आता कुणी बाई दारात आली की आई तिला बसवून घेते अन् सांगते, सत्याच्या घरी पाणी फिरतं, काकाच्या घरी वारा फिरतो. परवा शेजारच्या पुष्पाबाईनं चुकून काकासाहेबाचा बॉयलर म्हणलं तर आईनं तिला तिथल्या तिथं सुधारलं. बाया तोंडात बोट घालून ऐकतात. मी आपली आतून चहा आणते, कपबशा उचलते. ते सगळं समजावलं कुणी, हे कुणी विचारत न्हाई, अन् आईही सांगत न्हाई.

स्पष्टच लिहिते सत्या, मला जळायला होतं. तुझ्यावर अन् काकासाहेबावर. तुम्ही चार महिन्यांतून एक पत्र धाडता अन् घरभर तुमचंच नाव. माझं नांदणं जमलं न्हाई, मी परत आले, तेव्हापासून आईचं अंघोळीचं पाणी मी तापवते. उजाडायच्या आत उठून कापसाच्या पऱ्हाट्या मोडायच्या, बंबात घालायच्या, धूर डोळ्यांत घ्यायचा. पाऊस लागला की पऱ्हाट्या ओल्या, मग फुंकून फुंकून जीव जातो. मी दसऱ्याला म्हणलं, आई, तिकडच्या बॉयलरला एवढा मान, तर आपल्या बंबालाही कुंकू लाव की. तर म्हणाली, त्याची कसली पूजा, तो तर रोजचाच हाय. सरळ मनानं म्हणाली ती, पण मला दिवसभर जेवण गेलं न्हाई. तिला बंबच म्हणायचा होता, हे मला कळतं. तरी लागलं.

आता तयारीचं सांगते. पुढच्या आठवड्यात ती तुझ्याकडं निघणार, तर पिशवीत डिंक, अळीव, बाळंतशोपा, अन् सगळ्यांच्या वर लोखंडी शेगडी. तुझ्या बाजेखाली निखारे ठेवून शेक द्यायचा म्हणती. मी सांगितलं, तिथं नुसता धूर झाला तरी छताला लावलेली घंटी बोंबलते, सत्यानंच लिहिलंय. मंग तिनं विचारलं, शेगडीला सत्याकडं काय म्हणतात अन् काकाकडं काय. मी म्हणलं, बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवायची वस्तू दोन्हीकडं न्हाईच, तर नाव कुठून असणार. आई हसून म्हणाली, म्हंजे सगळंच न्हाई त्यांच्याकडं. त्या दिवशी मी तिला शिरा करून घातला. शेगडी मात्र पिशवीतच आहे, विमानतळावर काय व्हायचं ते होईल.

मी खुशीत होते. पण परवा पुष्पाबाईच्या घरी तुझा फोन आला. तू आईला म्हणालीस, बाळंतपण झालं तरी जाऊ नको, गुढीपाडव्याचं परतीचं तिकीट पुढं ढकलता येतं. उन्हाळ्यात काकासाहेब अमेरिकेला घेऊन जाईल, कागदपत्रं करील, मंग थोडे दिवस इकडं, थोडे दिवस तिकडं, कायमचंच. अंबडात काय ठेवलंय, लाईट जाती, धूर खावा लागतो. मी शेजारी उभी होते, मला सगळं ऐकू आलं. अंबडात कोण आहे, हे तू विचारलं न्हाईस. अन् आई काय म्हणाली माहीत आहे का? बघू म्हणाली. आष्टीला मावशीकडं एक रात्र राहा म्हणलं तर ताडकन न्हाई म्हणणारी आपली आई, ती बघू म्हणाली. घरी येताना ती माझ्या पुढं पुढं चालत होती, अन् मला तिची पाठ बघवत नव्हती.

हे पत्र मी तिच्या हाती देत न्हाई, पोस्टानं धाडते, तिच्याआधी पोचावं म्हणून. खरं तर तुला काही सांगायचं नव्हतं, पण सांगणं भाग आहे. आई दिवसभर बोलते ते लोकांना ऐकवायला. मनातलं ती फक्त सकाळी बोलते, बंबासमोर पाटावर बसून, हात शेकताना. आगीकडं बघत बघत बोलती, आपल्याकडं न्हाई. दादा गेले अन् तिचं कुंकू पुसलं त्याविषयी, तू जन्मलीस त्या सकाळविषयी, माझ्या मोडलेल्या संसाराविषयी, सगळं मला तिथंच कळलं. तेवढा वेळ ती माझी एकटीची असते. तुझ्या रेडिएटरला आग दिसत न्हाई, त्यामुळं तिथं ती बोलेल की न्हाई मला सांगता येत न्हाई. न बोलली तर बरंच, असं माझं मन म्हणतं. पण तू पोटुशी आहेस, आईजवळ तुझंही काही मागणं असेल, म्हणून लिहिते. ते इलेक्ट्रिक फायर लाव अन् सकाळी तिच्याजवळ नुसती बसून राहा. विचारू काही नको, ती आपणहून बोलती. एवढं तुला देते. त्या बदल्यात एक कर. तिला थंडी वाजू देऊ नको, पण त्या बॉयलरचा काटा थोडा कमीच ठेव. इतकी ऊब देऊ नको की तिला इथलं काही आठवणारच न्हाई. पाडव्याचं तिकीट पुढं ढकलू नको, सत्या. ती येईपर्यंत मी बंब पेटवणार न्हाई. हा हिवाळा थंड पाण्यानं काढीन, मला एकटीला कशाला लागतंय गरम पाणी.

तुझीच,
अक्का