खोट्या रुग्णाची खरी नाडी

रविवार, ८ फेब्रुवारी

ती. ताईस,

मधल्याचा साष्टांग नमस्कार. पाठीवर पडून घातलेला साष्टांग शास्त्राला चालतो का, हे पुस्तकं उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि पुस्तकं घरी आहेत. मी कुठे आहे ते ओघात येईलच. प्रकृती उत्तम आहे. हे वाक्य चष्मा पुसून पुन्हा एकदा वाच.

संस्कृत शिकवणारा माणूस फावल्या वेळात इस्पितळात कशाला कडमडतो, असं तू विचारलं होतंस. तर ऐक. तातडीच्या विभागातल्या शिकाऊ डॉक्टरांना इथे विषबाधेचं वेगळं शिक्षण देतात. कोणी काय गिळलं, काय हुंगलं, अंगावर काय सांडलं, ते लक्षणांवरून ओळखायचं. चुका खऱ्या रुग्णावर होऊ नयेत म्हणून आधी एक खोटा रुग्ण लागतो. तो मी. आजवर कीटकनाशकाने लाळ गाळून झाली, कोळशाच्या धुराने बरळून झालं. (बरळणं उत्तम वठलं. सवयीचा भाग.)

उशाशी एक पडदा असतो. नाडी, रक्तदाब, सगळे आकडे वर्ग घेणाऱ्या डॉक्टरबाई कोपऱ्यात बसून बटणं दाबून त्यावर पाठवतात. माझ्या देहाचा त्या आकड्यांशी काडीचा संबंध नसतो. पोरं पडदा बघतात आणि धावत सुटतात. त्यांच्यात एक मुलगी आहे, तिला सगळे ‘कासव’ म्हणतात, कारण पडद्याकडे बघायच्या आधी ती रुग्णाचा हात हातात घेते. त्या वेळात बाकीच्यांचं निदानही होऊन जातं, बहुधा चुकीचं.

गुरुवारी मला झोपेच्या गोळ्या खाल्लेला माणूस व्हायचं होतं. सकाळपासून डोकं हलकं वाटत होतं. म्हटलं, बरंच झालं, भूमिकेत शिरायला सोपं. खाटेवर पडलो आणि छत गरगरायला लागलं.

“डॉक्टर, मला खरंच चक्कर येतेय,” मी म्हणालो.

एक उंच मुलगा मागे वळून म्हणाला, “बाई, काका आज फॉर्मात आहेत!”

“घाम बघ ना,” दुसरा म्हणाला. “घाम कसा आणता हो, काका?”

उत्तर द्यायची इच्छा होती, पण जीभ जड झाली होती. ताई, माणूस खरं बोलतोय आणि समोरचे त्याच्या अभिनयाला दाद देताहेत, यासारखी भीती नाही. 

कासवाने मनगट धरलं. धरूनच राहिली.

“बाई, नाडी फार मंद आहे.”

“पडद्यावर बघ, अठ्ठ्याऐंशी आहे.”

“पडदा तुमचा आहे, बाई. हात काकांचा आहे.”

बाईंनी बटणं सोडून दिली. मग त्याच पोरांनी मला खरोखर वाचवलं. सुई लावताना उंच मुलाचा हात जराही हलला नाही, हे मुद्दाम नोंदवतो; “काका, जागे राहा” म्हणताना आवाज मात्र रडवेला होता. आता मी वरच्या मजल्यावर, खिडकीशेजारच्या खाटेवर आहे. मंगळवारी घरी.

इथेच पत्र संपवायचं होतं. ‘जरा पाय घसरला’ एवढंच लिहायचं, असंही एकदा ठरवलं होतं. पण पुढचं सांगायलाच हवं.

मी थोडा भानावर आल्यावर कासव म्हणाली, “काका, आता नाटकातलं नको, खरं सांगा. काय घेतलंत?”

“नेहमीची रक्तदाबाची गोळी.”

“आणखी?”

“काही नाही.”

“कुणी आपलं म्हणून दिलेलं काही?”

पोर हुशार आहे. मी विषय टाळायला पाणी मागितलं. कारण पुढे नाव तुझं होतं.

मागे आली होतीस तेव्हा तू तुझ्या गोळ्यांचं पाकीट देऊन गेलीस. “मला कशी लागू पडलीये बघ. रोज एक घे, तुझ्या डॉक्टरला काय कळतंय!” मी घेत गेलो. तुझी गोळी विष नाही, माझीही नाही. दोघी आपापल्या घरी गुणाच्या. पण दोघी हृदयाचा वेग कमी करतात, आणि एकत्र नांदायला लागल्या की हृदयाला वाटतं, आज सुट्टी आहे. ‘अति सर्वत्र वर्जयेत्’ हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. फळ्यावरचं ज्ञान फळ्यावरच राहतं, याचा पुरावा खिडकीशेजारी पडला आहे.

हे माझ्यापुरतं असतं तर मी गिळून टाकलं असतं. पण तसलंच पाकीट तू तुझ्याकडे राहणाऱ्या धाकट्यालाही दिलं आहेस, आणि तो माझ्याच जातीची गोळी घेतो. त्याला काल फोन केला. म्हणाला, “दादा, तुला लहानपणापासून काही पचतच नाही. ताई सांगेल तेव्हा बंद करीन.” मग तुला केला. ‘नाडी’ एवढा एकच शब्द ऐकून तू म्हणालीस, “मग अर्धी जास्त घे,” आणि फोन ठेवलास. पुन्हा केला तर उचलला नाहीस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

पत्र घेऊन दारात उभी आहे ती कासवच. तुमच्याच भागात राहते, आज तिची सुट्टी आहे. तिला आत घे. धाकट्याला हाक मार आणि तिच्यासमोर हात पुढे करायला लाव. त्याचं पाकीट तिच्या ताब्यात दे. पुढे काय करायचं ते ती आणि त्याचा डॉक्टर बघतील. तुझी गोळी तू सोडायची नाहीस, ती तुझ्यासाठीच लिहून दिली आहे.

तुला रडू येणार, मला माहीत आहे. रड हवं तेवढं, पण नंतर. आई गेल्यापासून आम्हा दोघांना तूच भरवत आलीस. त्यातला एक घास चुकला, एवढंच. रागावलो असतो तर इतकं लांबलचक लिहिलं नसतं.

आता वाचत बसू नकोस. ऊठ. धाकट्याला हाक मार.

तू दिलेल्या प्रत्येक गोळीला आजवर हो म्हणत आलेला, आणि जन्मात पहिल्यांदा नाही म्हणणारा,

तुझा मधला