शुक्रवारपर्यंत गार

५ एप्रिल, रविवार. सकाळी ९.
संकल्प: मुलीच्या ट्रकचा एसी शुक्रवारच्या आत मी दुरुस्त करणार.
काल भर उन्हात तापलेल्या केबिनमध्ये तिला चक्कर आली. ट्रक रस्ता सोडून मातीत उतरला आणि नशिबानं तिथंच थांबला. ती हसत हसत सांगत होती. माझ्या हातातला पेला हिनं काढून घेतला. पाणी सांडत होतं म्हणे. शुक्रवारी पहाटे मुलगी दोन दिवसांच्या फेरीवर निघणार, सगळा रस्ता उन्हातला.
मेकॅनिक कशाला? एकतीस वर्षं मी ट्रकच्या वर्कशॉपमध्येच काढली. स्टोअरच्या खिडकीआड, पण वर्कशॉपमध्येच. पार्टन् पार्टचा नंबर पाठ आहे. मुलगी म्हणाली, बघा बाबा, जमलं तर. ही म्हणाली, निदान शर्ट तरी जुना घाला.

६ एप्रिल, सोमवार.
निदान. इंजिन चालू करून डोळे मिटून ऐकलं. क्लच खट् करून धरतो, कॉम्प्रेसर फिरतो. निरोगी कॉम्प्रेसर मंदाक्रान्तेत चालतो. याचा यती चुकतोय. कवितेच्या तासाला गुरुजी चाल लावायला मलाच उभं करायचे, कान तेव्हापासून तयार आहे. तो वर्ग, ती कौलांतून पडणारी उन्हाची तिरीप... शेजारी काच ठोकून विचारत होते, बरं वाटत नाही का? चाळीस मिनिटं इंजिन चालूच होतं.
लक्षण: धावताना जरा गार, गाडी उभी केली की भट्टी.
निष्कर्ष: एक्स्पान्शन व्हॉल्व्ह. पुरावा: उन्हाळ्यात आमच्या खिडकीतून सगळ्यात जास्त तोच जायचा.
सायं. ५. दुकानदाराला नंबर तोंडपाठ सांगितला. थक्क झाला. म्हणाला, काका, हा नंबर बंद होऊन बारा वर्षं झाली.
नवा नंबर आणला.

७ एप्रिल, मंगळवार. ११.००.
पाइपचा नट ढिला करायला घेतला. हात थरथरत नव्हता. पाना थरथरत होता.
११.०५. फुस्स! पांढरा धूर. बोटांना बर्फ चावला. घाबरलो वगैरे नाही. शांतपणे घरात आलो, दार लावलं, कडी घातली, कडीला टेकून उभा राहिलो.
११.४०. आवाज थांबला. ट्रक जागेवर आहे. ही म्हणाली, काय फुटलं? म्हटलं, दाब मोकळा केला. म्हणाली, कुणाचा?
सायं. नवा व्हॉल्व्ह बसवला. जवळजवळ बसला.

८ एप्रिल, बुधवार.
एसी-फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला फोन. त्याला सगळे बर्फवालाच म्हणतात. एका मित्राची अडचण आहे, असं म्हणून विचारलं. तो म्हणाला, उभ्या गाडीत गार होत नाही ना, मग पुढच्या जाळीत कचरा भरला असेल. पाण्यानं धुवायला सांगा, अर्ध्या तासाचं काम. पाइप मात्र उघडू देऊ नका. गॅस डोळ्यांत गेला तर दृष्टी जाते, आणि मशीनशिवाय तो परत भरता येत नाही. म्हटलं, कळवतो मित्राला. तो म्हणाला, मित्राचे डोळे बरे आहेत ना, काका?
आरशासमोर एकेक डोळा झाकून पाहिला. दोन्ही शाबूत.
जाळी धुतली. भुसा, पिसं, एक अख्खं पिंपळपान. गॅस थोडा तरी उरला असणारच. एवढा सगळा कसा जाईल?

९ एप्रिल, गुरुवार. सकाळी ६.
गार! एसीच्या तोंडापुढे हात धरला, गार झुळूक. मुलीला सांगितलं, काम फत्ते. म्हणाली, वा बाबा!
दुपारी २. पुन्हा हात धरला. भट्टी. सकाळी बाहेरचीच हवा गार होती.
४.३०. तिला सांगणार. चहा झाला की लगेच.
६.००. चहा झाला. जेवताना सांगणार.
८.३०. आमटी छान झाली होती. असल्या गोष्टी जेवताना काढू नयेत. आता ती झोपली.

१० एप्रिल, शुक्रवार. पहाटे ४.३०.
तिच्या सीटवर बसून लिहितोय. सीट तिच्या मापानं पुढे ओढलेली, गुडघे स्टिअरिंगला टेकलेत. दारं आतून बंद. डोळे मिटले की दुपारचा रस्ता दिसतो, आणि तिची मान हळूच कलताना दिसते. म्हणून मिटत नाही. ती आली की सगळं सांगणार. उतरणार नाही.

सकाळी ७.
ती बॅग घेऊन आली. काच बंद ठेवूनच मी ओरडून सगळं सांगितलं: नट, धूर, कडी, मित्र म्हणजे मीच. जाऊ नकोस म्हटलं. ती म्हणाली, बाबा, काच खाली करा, एक अक्षर ऐकू येत नाहीये.
पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ते फारच थोडक्यात आटपलं.
ती म्हणाली, अहो, मी मैत्रिणीची गाडी घेऊन चाललेय, गार केबिनची. हा ट्रक आज बर्फवाल्याकडे जायचाय. त्याची वेळ घेतलीय.
कधी घेतलीस?
रविवारीच. तुम्ही बॉनेट उघडायच्या आधी.
मग मला पाच दिवस का करू दिलंस हे?
म्हणाली, तुम्ही इतके घाबरला होता, बाबा. हाताला काहीतरी काम हवं होतं तुमच्या.
मी घाबरलो नव्हतो, असं ठणकावून सांगणार होतो. पण पायांना मुंग्या आल्या होत्या. उतरायला तिचाच हात धरावा लागला.